पेनाच्या लाकडात भोक चुकलं तर: काय वाचवता येतं आणि कसं

लेथवर लाकडी पेन करताना सगळ्यात जास्त लाकूड वाया जातं ते ड्रिल मारताना. कातताना हात चुकायला लागला तर डोळ्यांना दिसतं, थांबता येतं. ड्रिलचं बिट मात्र एकदा आत गेलं की ते कुठे चाललंय याचा पत्ता लागत नाही. वरून अगदी मधोमध सुरू केलेलं भोक खालून निघतं तेव्हा कडेला टेकलेलं असतं, नाहीतर निघताना कोपराच उडवून जातं. नवीन माणूस हळहळतो आणि तुकडा टाकून देतो. वखारीतलं साधं लाकूड असेल तर एक वेळ ठीक. पण पेनासाठी हौसेने जपलेलं लाकूड बहुधा जुन्या वाड्याच्या तुळईचं सागवान, आजीचा पाट, मोडलेल्या पलंगाचा शिसवी पाय असं काहीतरी असतं. तसं लाकूड पुन्हा कुठून आणणार?

इथे मी स्लिमलाइन पेन (तयार सुट्या भागांच्या किटमधून होणारं बारीक पेन) धरून चाललो आहे, कारण बहुतेकांची सुरुवात त्यानेच होते. बाहेरून ७ मिमी व्यासाच्या दोन पितळी ट्यूब, प्रत्येकी साधारण ५३ मिमी लांब, आणि १९ मिमी चौरस लाकूड. किट दुसरं असेल तर आकडे बदलतील, हिशेब तोच राहील.

टाकण्याआधी मोजा

कातताना लाकूड मँड्रेलवर (लेथवर फिरणाऱ्या बारीक दांडीवर) चढतं ते ट्यूबमधून. म्हणजे लेथला मध्य माहीत असतो तो ट्यूबचा. बाहेरचं लाकूड तिच्याभोवती कितीही वाकडंतिकडं बसलेलं असलं तरी हत्यार जास्तीचं लाकूड काढत जातं आणि शेवटी ट्यूबभोवती सगळीकडे सारखी भिंत उरते. तेव्हा भोक लाकडाच्या मधोमध आहे की नाही हे बघत बसू नका. भोकाभोवती चारही बाजूंनी पेनापुरतं लाकूड आहे का, एवढंच बघा.

स्लिमलाइनचं बुशिंग (मँड्रेलवर लाकडाच्या टोकाशी बसणारं, जाडीचं माप देणारं कडं) साधारण साडेआठ मिमीचं असतं, म्हणजे टोकाला लाकडाची भिंत पाऊण मिमीच उरते. पोटाशी पेन ११ मिमी जाड ठेवलं आणि वर अर्धा-अर्धा मिमी सूट धरली, तर भोकाच्या मध्यापासून प्रत्येक दिशेला ६ मिमी लाकूड हवं. १९ मिमीच्या लाकडात मध्यापासून कडेपर्यंत साडेनऊ मिमी असतात. याचा अर्थ भोक एका बाजूला साडेतीन मिमी सरकलं तरी पेन सुखरूप होतं. कोपऱ्याच्या दिशेने सरकलं असेल तर जवळजवळ पाच मिमीपर्यंत चालतं. लाकूड १६ मिमीचं असेल तर मात्र कडेच्या दिशेने दोनच मिमी मिळतात, म्हणून शक्य असेल तेव्हा जाड लाकूड घ्यावं असं मी सांगतो.

मोजायला कंपास चालत नाही, कारण टोक टेकवायला मध्यावर लाकूडच नसतं. हार्डवेअरच्या दुकानातून एम६ चा साधा वॉशर आणा. त्याचा बाहेरचा व्यास बरोबर १२ मिमी असतो आणि आतलं भोक ६.४ मिमी, म्हणजे तुमच्या भोकापेक्षा जेमतेम लहान. वॉशर भोकावर ठेवायचा, आतून लाकडाची कड कुठेच डोकावत नाही असा सरकवायचा आणि बाहेरून पेन्सिल फिरवायची. दोन्ही टोकांना ही वर्तुळं पूर्णपणे लाकडात बसली तर काम पुढे चालू ठेवा, दुरुस्ती काहीच नाही. टाकून दिलेल्या लाकडांपैकी निम्म्याहून जास्त या परीक्षेत पास होतील अशी माझी खात्री आहे.

वर्तुळं बसली तरी एक परीक्षा उरते. ट्यूब कोरडीच आत सरकवून बघा. भोक तिरकं पण सरळ असेल तर ती बोटाच्या दाबाने जाते. अर्ध्यावर अडली तर भोक आत वाकलेलं आहे. ७ मिमीचं लांब बिट दाबलं की लवतं, आणि सागवानासारख्या लाकडात कडक आणि मऊ वलयं आलटून पालटून असल्याने ते मऊ बाजू धरून चालू लागतं. अशा वेळी तेच बिट हळूहळू पुन्हा आत-बाहेर करा. वाक निघतो, पण मधे भोक थोडं मोठं होतं. ट्यूब कशाने चिकटवायची ते यावर ठरतं. ते पुढे येईल.

तिरकं भोक तसंच वापरायचं असेल तर

तिरक्या भोकात ट्यूब बसली की लाकडाची टोकं ट्यूबशी काटकोनात राहत नाहीत. ५५ मिमी लांबीत भोक ३ मिमी सरकलं असेल तर १९ मिमी रुंदीच्या टोकावर सुमारे १ मिमीचा उतार येतो. बॅरल ट्रिमर (टोक सपाट कापणारं कटर) ट्यूबच्या आधाराने फिरतो, त्यामुळे तो टोक ट्यूबशी काटकोनातच आणतो, पण त्यासाठी प्रत्येक टोकाला कापायला लाकूड शिल्लक हवं. म्हणून लाकूड आधीच ट्यूबपेक्षा तीन-चार मिमी लांब कापलेलं बरं. ट्रिम करताना पितळ पहिल्यांदा चमकलं की थांबायचं. त्यापुढे तुम्ही ट्यूबच आखूड करत असता.

ट्यूब चिकटवून टोकं साफ झाली की थेट लेथवर चढवू नका. भोकाच्या मध्यापासून एका बाजूला तेरा मिमी लाकूड आणि दुसऱ्या बाजूला सहा, असा तुकडा फिरवला की तो मँड्रेलला हिसके देतो, मँड्रेल लवतं आणि तयार पेनाची भिंत टोकांना एका बाजूने पातळ होते. आधी वाइसमध्ये धरून जाड बाजूचे कोपरे रंध्याने किंवा बेल्ट सँडरने उतरवा, ट्यूबभोवती ढोबळ अष्टकोन होईपर्यंत. टोकावर काढलेलं वॉशरचं वर्तुळ ट्रिमरने निघून गेलं असेल तर पुन्हा काढून घ्या, तेच इथे खूण म्हणून कामाला येतं. मग लेथवर चढवा. मँड्रेलची नट बोटांनीच आवळा. सुरुवात मिनिटाला ८०० ते १००० फेऱ्यांवर करा. धारदार रफिंग गाऊजने (ढोबळ कातायच्या पन्हळी हत्याराने) हलके, थांबत थांबत घास घ्या. लाकूड पूर्ण गोल झालं, टकटक आवाज बंद झाला, की वेग वाढवा.

नक्षीचं काय? भोक तिरकं म्हणजे लाकडाचे रेषेही (तंतू) पेनाच्या अक्षाशी तिरके धावणार. एकट्या भागावर ते वाईट दिसत नाही, उलट सागवानात एका बाजूला लांबट अंडाकृती वलयं उमटतात आणि लोक मुद्दाम विचारतात की हे कसं केलं. अडचण होते ती मधल्या जोडावर. वरच्या आणि खालच्या भागाची नक्षी जुळत नाही आणि नजर तिथेच जाते. यावर खरा इलाज आधीचा आहे: लाकूड मधे कापलं की दोन्ही भागांना त्या कापलेल्या बाजूने ड्रिल मारायचं. बिट आत शिरतं तिथे भोक जागच्या जागी असतं, भरकटतं ते बाहेर पडताना. मग चूक निबच्या आणि टोपणाच्या टोकाला जाते, जोड स्वच्छ राहतो. हे आधी केलं नसेल आणि जोडच बिघडला असेल, तर नक्षी जुळवण्याचा अट्टहास सोडा आणि मधे दुसऱ्या लाकडाचं कडं घाला. ते कसं, ते कपच्याच्या भागात सांगतो.

वर्तुळ बाहेर जातंय: पट्टी की खुंटी

वॉशरचं वर्तुळ लाकडाबाहेर गेलं म्हणजे एका बाजूला भिंत कमी पडणार. इथे दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता म्हणजे कमी पडणाऱ्या बाजूला त्याच लाकडाची पट्टी चिकटवणे. ती बाजू रंधून सपाट करायची, चार-पाच मिमी जाडीची पट्टी रेषे त्याच दिशेने ठेवून फेविकॉलने लावायची आणि क्लॅम्पखाली रात्रभर ठेवायची. हे सोपं आहे, पण जोडाची रेघ तयार पेनावर दिसण्याची शक्यता मोठी. गडद, दाट लाकडात रेघ लपते. आंबा, फणस अशा फिक्या लाकडात लपत नाही. म्हणून फिकं लाकूड असेल तर मी पट्टी लावत नाही.

दुसरा रस्ता वेळखाऊ पण चांगला: चुकलेलं भोक खुंटीने बुजवायचं आणि नव्याने ड्रिल मारायचं. यातल्या बारकाव्यांवर सगळं अवलंबून आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ.

खुंटी त्याच लाकडाच्या उरलेल्या तुकड्यातून लेथवर ७ मिमीची काता, रेषे लांबीच्या दिशेने. बाजारातली पाइनची खुंटी इथे चालत नाही. नवीन भोक पाडताना बिट अर्धं खुंटीतून आणि अर्धं मूळ लाकडातून जातं. खुंटी मऊ असेल तर ते खुंटीकडेच झुकतं आणि जुन्याच वाटेने निघतं. कडकपणा सारखा असेल, किंवा खुंटी किंचित जास्त कडक असेल, तरच बिट सरळ राहतं.

भोकाची आतली भिंत बोथट बिटने घासून काळी-चकचकीत झाली असेल तर तिथे गोंद धरत नाही. पॉलिश पेपर गुंडाळून आतून खरवडून घ्या. सागवान, शिसव ही तेलकट लाकडं. ती ॲसिटोनच्या बोळ्याने पुसून लगेच चिकटवा. खुंटीला लांबीच्या दिशेने करवतीने एक बारीक खाच पाडा, म्हणजे जास्तीचा गोंद त्यातून निघतो, नाहीतर तो दाबाखाली लाकूड चिरू शकतो. गोंद लावून खुंटी फिरवत आत सरकवा आणि पूर्ण एक दिवस हात लावू नका. पाच मिनिटांच्या इपॉक्सीवर (अराल्डाइटसारख्या दोन भागांच्या गोंदावर) घाई करून ड्रिल मारलं तर त्याच्या उष्णतेने इपॉक्सी मऊ पडतं आणि खुंटी बिटबरोबर फिरू लागते.

आता टोकं गुण्याने तपासून साफ करा, लाकडाचा खरा मध्य कर्णांनी काढा आणि लेथवर पेन जॉमध्ये (पेनाचं लाकूड धरणाऱ्या जबड्यांत) धरा. टेलस्टॉकमध्ये (लेथच्या मागच्या, सरकणाऱ्या भागात) आधी छोटं जाडं सेंटर ड्रिल लावून खड्डा पाडा, मग ७ मिमीचं ब्रॅड पॉइंट (मधे अणकुचीदार टोक असलेलं) बिट. लेथवर लाकूड फिरतं आणि बिट स्थिर राहतं, त्यामुळे बेंच ड्रिलपेक्षा भरकटणं कमी होतं. दुरुस्तीच्या ड्रिलसाठी तरी लेथच वापरा. बिट दहा मिमी गेलं की मागे घ्या, कीस झटका, पुन्हा आत. मागे घेताना बिट धरणारा चक हाताने धरा, नाहीतर तो टेलस्टॉकच्या निमुळत्या खाचेतून सुटून बिटसकट फिरायला लागतो.

नवीन भोक पडल्यावर जुन्या खुंटीची चंद्रकोरीसारखी पातळ फाक एका बाजूला उरते. तिच्या कडा कागदासारख्या पातळ असतात. ट्यूब घालण्याआधी आतून पातळ सीए ग्लू (फेविक्विकच्या जातीचा झटपट गोंद) सोडून ती फाक पक्की करा, नाहीतर ट्यूब ढकलताना ती गोळा होऊन पुढे अडकते. तयार पेनावर ही फाक दिसते का? बहुतेक वेळा ती ट्यूबच्या लगेच बाहेर, पेनाच्या भिंतीत गडप होते आणि फक्त टोकाला दिसते, जिथे निबचा भाग तिला झाकतो. भोक फार तिरकं गेलं असेल तर बाजूला एक लांबट पानासारखा आकार उमटतो. लाकूड तेच असेल तर तो गाठीसारखा वाटतो.

आणखी एक मार्ग आहे तो किट बदलण्याचा. भोक बुजवल्यावर १० मिमीची ट्यूब लागणारं जाडं किट घेतलं, तर नव्या १० मिमीच्या भोकात जुनं ७ मिमीचं भोक पूर्ण सामावतं, मात्र ते मध्यापासून दीड मिमीपेक्षा जास्त सरकलेलं नसेल तरच. मोठं बिट न बुजवलेल्या भोकात घालू नका; ते जुनाच मार्ग धरतं.

खालच्या टोकाला कपचा उडाला

पहिलं काम: झाडू मारू नका. मशीन बंद करा आणि भुशात तो कपचा शोधा. सापडला तर जागेवर ठेवून बघा. तुटलेल्या कडा एकमेकींत घट्ट बसतात, तिथे एक कणही भुसा अडकला तर रेघ दिसते, म्हणून जुन्या टूथब्रशने दोन्ही बाजू साफ करा. कपचा दाबून धरा आणि सांध्यावर फेविक्विकसारख्या पातळ सीएचे दोन थेंब सोडा. ते आपोआप आत ओढले जातात. ॲक्टिव्हेटर (सीए झटपट सुकवणारा फवारा) फवारायचा मोह टाळा, त्याने सीए फेसाळून पांढरं होतं. अर्धा तास थांबा. तयार पेनावर हा सांधा शोधूनही सापडत नाही.

कपचा हरवला तर ट्यूब शेजारी ठेवून बघा की तुटलेला भाग ट्यूबच्या लांबीत येतो का. लाकूड जास्त लांब असेल तर ट्यूब दुसऱ्या टोकाकडे सरकवून चिकटवता येते आणि तुटका भाग ट्रिमिंगमध्ये जातो. तेवढी जागा नसेल तर कडं घालायचं.

कड्यासाठी दुसऱ्या रंगाचं कडक लाकूड घ्या. सागवानाला शिसव छान दिसतं, आंब्याला खैर. पातळ चकती कापून तिला भोक पाडायला गेलात तर ती फुटणारच. आधी तीन-चार सेंमीच्या ठोकळ्याला ७ मिमीचं भोक पाडा आणि मग त्यातून चार-पाच मिमीच्या चकत्या कापा. मूळ लाकडाचं तुटकं टोक काटकोनात कापून टाका, तितकीच चकती बसेल एवढं. ट्यूबवर आधी मूळ लाकूड, मग चकती, असं इपॉक्सीने एकाच वेळी चिकटवा आणि दोन्ही बाजूंनी क्लॅम्पने हलकं दाबा. फार दाबलं तर चकती तिरकी सरकते. पेनावर ही चकती दागिन्यासारखी दिसते, आणि दोन्ही भागांना जोडाजवळ एकेक घातली तर मूळ आराखडाच तसा होता असं वाटतं.

ट्यूब आखूड करून सुटका करून घ्यायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. वरच्या भागात एखादा मिमी खपून जातो. खालच्या भागात फिरण्याची यंत्रणा बसते आणि रिफिल किती बाहेर येणार हे तिच्या खोलीवर ठरतं, म्हणून तिथे हात लावू नका.

सैल ट्यूब, घट्ट ट्यूब, अडकलेली ट्यूब

ट्यूब भोकात खडखडत असेल तर ती चिकटवायला पातळ सीए अजिबात वापरू नका. ते मोठी पोकळी भरत नाही, आणि ट्यूबमागे राहिलेल्या पोकळीवर गाऊज आलं की लाकूड तिथेच फुटतं. थोडीच सैल असेल तर सावकाश सेट होणारं अराल्डाइट घ्या, त्यात त्याच लाकडाचा बारीक भुसा मिसळा, ट्यूब पॉलिश पेपरने खरवडा आणि फिरवत आत घाला. ट्यूबच्या तोंडाला मेणाचा किंवा खेळण्यातल्या मातीचा बुच लावा म्हणजे आत गोंद जात नाही. मग तुकडा आडवा ठेवून पहिली काही मिनिटं अधूनमधून फिरवत राहा. तसाच सोडला तर ट्यूब खाली बसते आणि वरच्या बाजूला पोकळी राहते.

जास्तच सैल असेल तर ट्यूबच्या दोन्ही टोकांजवळ सुती दोऱ्याचे चार-पाच वेढे घाला, ट्यूब भोकात बोटाने जाईल इतपतच जाड. ट्यूब मधोमध राहते आणि उरलेली जागा इपॉक्सी भरतं. सुती दोऱ्यावर सीए ओतू नका. सुतावर ते झपाट्याने तापतं, धूर येतो आणि बोट भाजतं.

दुसऱ्या दिवशी लेथवर चढवण्याआधी लाकडावर नखाने टिचक्या मारत जा. भरीव जागी आवाज टक्क येतो, पोकळ जागी भद्द. अशी एखादी बारीक पोकळ जागा राहिली असेल तर टोकाकडून तिथे पातळ सीए मुरवा.

घट्ट ट्यूब हा उलटा प्रकार. दाट लाकडात ड्रिल मारताना भोक तापतं आणि थंड झालं की आवळतं, म्हणून लगेच ट्यूब घालून जोर लावू नका. तासाभराने तेच बिट पुन्हा फिरवा. लाकूड ओलसर असेल तर भोक काही दिवसांत अंडाकृती होतं. अशा वेळी ते पूर्ण वाळू द्या आणि मग फिरवा. तरीही अडत असेल तर काडीवर १५० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून आतून घासा, किंवा ९/३२ इंची बिट वापरा; ते ७.१४ मिमीचं असतं, एवढाच फरक पुरतो. हातोडीने ठोकू नका. ट्यूबचं तोंड चेपतं आणि मग किटचा भाग त्यात बसत नाही.

गोंद लावलेली ट्यूब अर्ध्यात अडकली, आणि सीए असल्याने दोन सेकंदांत गोठली, तर उष्णता वापरा. सोल्डरिंग आयर्नचं टोक ट्यूबमध्ये घालून दोन-तीन मिनिटं धरा. सीए आणि इपॉक्सी दोन्ही उष्णतेने ढिले पडतात. पकडीने ट्यूब पिळून बाहेर ओढा. खिडकी उघडी ठेवा, सीएचा धूर डोळ्यांना फार झोंबतो. निघालेली ट्यूब पुन्हा वापरू नका, स्लिमलाइनच्या सुट्या ट्यूब वेगळ्या मिळतात.

तडा

तडा केसाएवढा आणि एकाच बाजूला असेल तर तो ड्रिल पूर्ण होण्याआधीच धरा. लाकूड बाहेर काढा, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून तुकड्याभोवती घट्ट गुंडाळा आणि उघड्या टोकाकडून पातळ सीए तड्यात सोडा. ते आत ओढलं जाणं थांबेपर्यंत थेंब घालत राहा. रात्रभर ठेवून मग उरलेलं भोक धारदार बिटने, हलक्या हाताने पूर्ण करा. पट्टी तशीच गुंडाळलेली राहू द्या.

तडे येण्याची कारणं बहुधा तीनच असतात: बोथट बिट, बाहेर न काढलेला कीस, आणि वाळलेलं नसलेलं लाकूड. जुन्या घराच्या लाकडात चौथं कारण मिळतं, ते म्हणजे आत गाडलेला खिळा. चुंबक फिरवून आधी बघा. सागवानात, बाभळीत लोखंडाशेजारी काळा डाग पडलेला असतो, त्यावरूनही कळतं.

बिट बाजूने बाहेर आलं

हे बघून हातपाय गळतात, पण भोक लहान असेल तर पेन वाचतं. इथे चूक लपवायची नसते, उलट दाखवायची असते. ट्यूब आधी काळ्या रंगाने रंगवा, म्हणजे खाली पितळ चमकत नाही. ट्यूब चिकटवा, आणि बाजूचं भोक कॉफी पूड किंवा पितळेच्या कणांनी भरून वरून पातळ सीए सोडा, थर देत देत. पितळेचा कीस किल्ल्या बनवणाऱ्याच्या मशीनखाली साचलेला असतो. मागितला तर मूठभर सहज मिळतो. त्यात लोखंडाचे कण असतील तर चुंबकाने काढून टाका.

एक मात्र लक्षात ठेवा. घासताना धातूची काळी भुकटी आजूबाजूच्या रेष्यांत शिरते आणि फिकं लाकूड मळकट दिसतं. त्यामुळे भरण्याआधी भोकाभोवतीच्या लाकडावर सीएचा पातळ थर देऊन ते बंद करा. भरलेला भाग कातताना गाऊजऐवजी पॉलिश पेपरनेच पातळीत आणा, धातूवर धार लगेच जाते.

ड्रिलच्या वेळचे दोन उपाय

पहिला लाकडाच्या लांबीचा. तुकडा हवा त्यापेक्षा दहा मिमी लांब ठेवा आणि भोक आरपार पाडूच नका. बिट खाली टेकण्याआधी थांबा आणि बंद टोक करवतीने कापून भोक उघडा. बाहेर पडताना कपचा उडण्याचा प्रश्नच येत नाही.

दुसरा बेंच ड्रिलचा. घरगुती बेंच ड्रिलचा स्ट्रोक (बिट खाली जाण्याचं अंतर) बरेचदा ५० मिमीच असतो, आणि आपल्याला लागतात ५५ ते ६०. शेवटचे काही मिमी उरले की लोक टेबल सैल करून वर घेतात, ते किंचित बाजूला फिरतं आणि भोक तिथेच मोडतं. त्यापेक्षा मशीन बंद करा, बिट भोकातच राहू द्या, वाइस बिटवर वर सरकवा आणि खाली २० मिमीचा प्लायवूडचा सपाट तुकडा घाला. बिट भोकातून बाहेर आलंच नाही तर मध्य हलत नाही. वाइस पुन्हा पक्का केल्याशिवाय मशीन चालू करू नका. हातमोजे ड्रिलजवळ नकोत, आणि लाकूड हाताने धरून ड्रिल तर कधीच नको.

कधी सोडून द्यायचं

तडा भोकापासून बाहेरच्या कडेपर्यंत पूर्ण लांबीत आणि समोरासमोर दोन्ही बाजूंना गेला असेल तर ते लाकूड लेथवर चढवू नका. सीएने ते धरल्यासारखं वाटतं, पण २००० फेऱ्यांवर दोन फाका होऊन चेहऱ्याकडे येऊ शकतात. फेसशिल्ड एरवीही लावायचाच. दुरुस्त केलेल्या लाकडाला तर चष्म्यावर भागवू नका. किडीने पोखरलेलं, बोटाने चुरा होणारं लाकूडही सोडून द्या; सीए पाजून ते कडक होतं खरं, पण टोकाशी पाऊण मिमी भिंतीत टिकत नाही.

सोडलेलं लाकूडही फेकायचं नाही. चांगल्या भागातून ७ मिमीच्या दोन-तीन खुंट्या काता, उरलेल्याच्या चकत्या कापा आणि प्रत्येकावर लाकडाचं नाव पेन्सिलीने लिहून डब्यात टाका. पुढच्या वेळी त्याच पाटाच्या दुसऱ्या तुकड्यात भोक चुकलं, तर बुजवायला नेमकं तेच लाकूड लागणार आहे.